योशुआची प्रार्थना

"पुन्हा," काचेपलीकडून दिग्दर्शक लिंडेमानचा आवाज आला. "तुमच्या आवाजात श्रद्धा नाही, हेर टाकळीकर. हा माणूस मरतो आहे आणि मरता मरता देवाशी बोलतो आहे. तुम्ही भाजीचे भाव सांगितल्यासारखं बोलता."

दिनकर, इथल्या लोकांचा 'हेर', म्हणजे श्रीयुत, टाकळीकर, मायक्रोफोनसमोर अवघडून उभा होता. लिंडेमानचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या वेळी दिनकरने पावकीचा पाढा म्हटला होता आणि दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेतलं काचसामान धुण्याची कृती सांगितली होती. त्या इमारतीत मराठी कळणारं कोणी नव्हतं आणि प्रार्थना म्हणून काय म्हणायचं हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

कोलोनला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. विद्यापीठात तो रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता. एकोणसाठ सालच्या ऑक्टोबरात र्‍हाइनकाठच्या नभोवाणी केंद्रातून विद्यापीठात निरोप आला की नभोनाट्यासाठी एक 'फार्बिगर', म्हणजे काळासावळा विद्यार्थी हवा आहे. त्याआधी घानाच्या दोन विद्यार्थ्यांना विचारून झालं होतं. त्यांनी संहिता वाचून परत केली होती. आम्ही असे मरत नाही, एवढंच ते म्हणाले होते. मग कोणीतरी दिनकरचं नाव सुचवलं.

नाटक एका अमेरिकन पाद्र्याच्या जुन्या कादंबरीवर बेतलेलं होतं. योशुआ नावाचा गुलाम लोहार मालकाच्या मळ्यावर काम करत असतो. एका पोरीच्या पायात घालायच्या बेड्या घडवायला तो नकार देतो, म्हणून मालक त्याला फटक्यांनी फोडून काढतो, आणि योशुआ त्याच मालकासाठी देवाकडे क्षमा मागत प्राण सोडतो. लिंडेमानने ही कादंबरी लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकली होती आणि तेव्हा आपण किती रडलो हे तो सगळ्यांना सांगत असे. योशुआची जर्मन वाक्यं एक नामवंत गोरा नट बोलणार होता. शेवटची प्रार्थना तेवढी 'त्याच्या आईच्या भाषेत' हवी होती. ती आफ्रिकेतलीच कोणती भाषा असावी असा लिंडेमानचा आग्रह नव्हता. इथल्या लोकांना न कळणारी असली की झालं.

दिनकरने कादंबरीचं जर्मन भाषांतर आपल्या माळ्यावरच्या खोलीत बसून वाचलं होतं. योशुआ त्याला आवडला नव्हता. त्याला उचलून आपटावं असं वाटलं होतं. चारशे पानांत पाद्रीबुवांनी योशुआला एकदा ताठ उभं राहू दिलं होतं, बेड्या घडवायला नाही म्हणताना. त्यानंतर मात्र त्याला लगेच आडवा केला होता आणि मरेपर्यंत देवाचं नाव घ्यायला लावलं होतं. आणि तो जितका सोसत गेला तितकी त्या पाद्र्याची लेखणी त्याच्यावर माया करत गेली होती. वाचता वाचता दिनकरने पुस्तक दोनदा मिटलं होतं, कारण योशुआच्या जागी त्याला सारखे आपले वडील, आबा, दिसत होते.

लिंडेमान आता स्वतः बाहेर आला. उंच, पिकल्या केसांचा, बोलायला मऊ माणूस. त्याने मायक्रोफोन खाली ओढला.

"गुडघे टेका," तो म्हणाला. "आवाज अंगातून यायला हवा. आणि हातात ही साखळी घ्या. मांडीवर नुसती ठेवली तरी चालेल."

साखळी मोटार ओढायची होती. तिला ग्रीसचा वास येत होता. ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या मुलीने ती दिनकरच्या मनगटांवरून टाकली आणि ओशाळून ती मागे सरली. दिनकर लाकडी फळीवर गुडघे टेकून बसला. लाल दिवा लागला.

आबा गावचे वेसकर होते. नगर जिल्ह्यातल्या त्या गावात वेशीशी उभं राहायचं, आल्यागेल्याला जोहार घालायचा, सरकारी टपाल पोचवायचं, मेलेलं जनावर ओढायचं, हे त्यांचं काम. रोज पहाटे ते भैरोबाच्या देवळाबाहेर, गावाने ठरवून दिलेल्या दगडापाशी उभे राहत आणि तिथून दिसणाऱ्या कळसाला हात जोडत. दिनकर अकरा वर्षांचा होता त्या साली महारवाड्याने मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरवलं. पाटलाची म्हैस मेली. पहिला सांगावा आबांना आला आणि पहिले 'नाही' आबाच म्हणाले. चावडीसमोर त्यांना मारलं. मारणाऱ्यांत पाटलाचा धाकटा भाऊ होता, बाकीचे बघत होते. आबांची पाठ फुटली, तिच्यात पू झाला. आई हळद आणि तेल लावत राहिली. पालथे पडल्या पडल्या आबा भैरोबाला विनवत राहिले. मला बरं कर असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पाटलाच्या घरच्या माणसांना सुखी ठेव, त्यांच्या हातून चूक झाली ती पोटात घाल, असं ते म्हणत. दिनकर दाराशी उभा राहून हे ऐकत असे आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत असे.

आबा गेले. त्यानंतर पाटील चावडीवर बसून येईल त्याला सांगू लागला, की माणूस देवमाणूस होता, माझ्या पोराबाळांसाठी देवाकडे मागत मागत गेला. ऐकणारे हळहळत. मारहाणीचा विषय त्या दिवसापासून गावात निघाला नाही. निघायची गरजच उरली नव्हती.

साखळी किंचित वाजली. दिनकरने तोंड उघडलं तेव्हा पुण्यात शिकलेली त्याची घासूनपुसून स्वच्छ केलेली भाषा तोंडात आलीच नाही.

"आबा, जोहार घालता घालता तुजी कंबर वाकली. तू भैरोबाला म्हनलास, पाटलाच्या समद्यास्नी सुकी ठेव. त्यो गावभर सांगत फिरला, म्हार व्हता पर देवमानूस व्हता. तुज्या पाठीचं कुनी नाव काडलं न्हाई. म्या न्हाई मागनार त्याच्यासाटी. भैरोबाकडं न्हाई, कुनाकडंच न्हाई. आईनं समदं देव नदीत सोडलं. म्या माफ केलं न्हाई, आबा. तू केलंस त्ये तुजं. माजं न्हाई."

लाल दिवा विझला. काचेमागची मुलगी डोळे पुसत होती. लिंडेमान बाहेर आला, त्याने दिनकरला हात देऊन उठवलं आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

"गेनाऊ, अगदी असंच," तो हळूच म्हणाला. "हाच योशुआ. ही क्षमा कोणालाही कळेल, भाषा कळो न कळो."

दिनकरने पँटचे गुडघे झटकले आणि तो ट्रॅमने घरी आला. आपलं बोलणं केंद्रात कोणाला कळणार नाही याची त्याला खात्री होती. शेजारच्या मराठी भडकमकरांकडे रेडिओ आहे हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. पुन्हा मुद्रण करू या असं मात्र त्याने लिंडेमानला सांगितलं नाही.

श्रीनाथ भडकमकर आणि त्यांच्या पत्नी सुलेखा त्याच घरात दुसऱ्या मजल्यावर राहत. श्रीनाथराव एका रंगाच्या कारखान्यात इंजिनियर होते. दिनकरला माळ्यावरची खोली त्यांच्याच शब्दावर मिळाली होती, आणि स्वयंपाकासाठी त्यांच्या स्वयंपाकघराची एक किल्लीही. रविवारी तो आणि औषधशास्त्र शिकणारा सुधीर लिमये त्यांच्याकडे जेवायला असत. सुलेखावहिनींनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, टाकळीकर म्हणजे कोकणस्थ की देशस्थ. आम्ही देशावरचे, असं दिनकर म्हणाला होता. ते खरंच होतं. वहिनींनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला आणि दिनकरने तो घेऊ दिला.

नोव्हेंबरात बुस-उंड-बेट-टाग, म्हणजे पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा सुटीचा दिवस येतो. नाटक त्या दिवशी संध्याकाळी लागणार होतं. वहिनींनी कौतुकाने सगळ्यांना बोलावलं, शंकरपाळे केले. दिनकरने अंगात कणकण असल्याचं सांगून बघितलं, पण श्रीनाथराव स्वतः माळ्यावर येऊन त्याला घेऊन गेले.

नाटक लांबलचक होतं. तो नामवंत नट खर्जात कण्हत होता. शेवटी साखळीचा आवाज आला आणि मग दिनकरचा. वहिनींच्या हातातलं विणकाम पहिल्या वाक्यालाच थांबलं. सुधीर हसत होता, त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. आवाज थांबला आणि ऑर्गन सुरू झाला तेव्हा श्रीनाथरावांनी उठून रेडिओ बंद केला.

मग श्रीनाथराव हसले. त्या हसण्यात त्यांनी दिनकरला बाहेर पडायला एक दार उघडून दिलं होतं, हे दिनकरलाही कळलं.

"छान केलंस की रे काम. तुमच्याकडे गडी असेल ना कोणी गावाला? त्याची नक्कल ना?"

हो म्हटलं असतं तर पानं वाढली गेली असती. दिनकरने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. वहिनी त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याने हो म्हणावं अशी त्यांचीच फार इच्छा असावी.

"नाही," तो म्हणाला. "नक्कल नाही. आबा माझे वडील. चावडीसमोर मारलं त्यांना. त्यातच गेले."

"अहो, पुरे आता," सुलेखावहिनी नवऱ्याला म्हणाल्या, जणू बोलणं श्रीनाथरावांनीच चालवलं होतं.

दिनकर सवयीने आपला कप विसळायला घेऊन निघाला. राहू दे, तिथेच ठेव, असं वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. सुधीरला वसतिगृहावर लवकर परतायचं असल्याचं अचानक आठवलं.

दुसऱ्या दिवशी दिनकर प्रयोगशाळेतून आला तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, तो कप, त्याची रविवारची थाळी आणि मेतकुटाचा डबा नीट मांडून ठेवलेला होता. थाळी आणि कप भडकमकरांचे होते. ते त्याला देऊन टाकले होते.

किल्ली मागायला श्रीनाथराव आले. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"माझ्या मनात काही नाही, दिनकर. मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. पण तू आधी सांगायला हवं होतंस. आता सुलेखाला फसवल्यासारखं वाटतंय."

"आधी सांगितलं असतं तर जेवायला बोलावलं असतंत?"

श्रीनाथराव छताच्या तिरक्या खिडकीकडे बघत राहिले. तो प्रश्न आता निघतोच कुठे, असं काहीसं ते म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून उतरून गेले.

घरमालकीण फ्राऊ केसलर त्यांच्यापेक्षा सरळ होती. भडकमकरांनी जागा घेताना तिला सांगितलं होतं की आम्ही ब्राह्मण, जुन्या आर्य वंशातले. तो शब्द तिला चांगला परिचयाचा होता आणि तेवढ्यावर तिने परक्या देशातल्या माणसांना घरात घेतलं होतं. आता जिना पुसता पुसता तिने दिनकरला अडवलं. हेर भडकमकर म्हणतात तुम्ही त्यांच्यातले नाही, हे खरं का, असं तिने विचारलं. दिनकर खरं आहे म्हणाला. मग महिनाअखेर खोली सोडा, मी चांगल्या घरातल्या हिंदी लोकांना जागा दिली होती, असं म्हणून तिने फडकं बादलीत पिळलं. तिच्या तोंडावर काही बोलायचं दिनकरच्या मनात होतं. पण जर्मनमधला योग्य शब्द त्याला वेळेवर सुचला नाही, आणि पुढे कित्येक दिवस ट्रॅममध्ये, प्रयोगशाळेत त्याला एकाहून एक चांगले शब्द सुचत राहिले.

त्याच आठवड्यात लिंडेमानने बोलावून घेतलं. नगर जिल्ह्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका म्हाताऱ्या मिशनऱ्याने केंद्रात फोन केला होता.

"तुम्ही मला फसवलंत," लिंडेमान म्हणाला. त्या दिवशीचा मऊपणा त्याच्या आवाजात उरला नव्हता.

"तुमच्या भाषेत देवाशी बोला म्हणालात. मला जमलं ते मी बोललो."

"तो शाप होता."

"शापही नव्हता. मी कोणाचं वाईट मागितलं नाही. फक्त चांगलं मागितलं नाही."

लिंडेमान उठून खिडकीशी गेला. खाली बाँबने पडलेल्या जागेवर नवी इमारत उभी राहत होती. लोकांनी फोन करून सांगितलं, की आम्ही रडलो, असं तो म्हणाला. नाताळानंतर, गुड फ्रायडेला नाटक पुन्हा लागणार होतं. प्रार्थना तेवढी नव्याने मुद्रित करायची होती आणि ते मिशनरी ती आधी तपासणार होते.

"योशुआ क्षमा करतो. त्यासाठीच तो आहे. या देशातल्या लोकांना आता एवढं तरी ऐकायला मिळालं पाहिजे, की क्षमा असते."

"हे ऐकायचंय कोणाला?" दिनकरने विचारलं. "योशुआला, की त्याच्या मालकाला?"

लिंडेमानने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. या देशात तुम्ही पाहुणे आहात, हे विसरू नका, असं तो शेवटी म्हणाला. दिनकरने टोपी उचलली आणि तो निघाला. आपण विजयी वगैरे झालो असं त्याला मुळीच वाटलं नाही. थंडी वाजत होती आणि राहायला जागा नव्हती.

त्या हिवाळ्यात त्याने पुष्कळ दारं वाजवली. फोनवर रिकामी असलेली खोली तो पोचेपर्यंत दिलेली असे. एका धर्मशाळेच्या तळघरात, वाफेच्या नळांखाली, त्याला एक खाट मिळाली आणि तिथून त्याने दिवस काढले. विद्यापीठाच्या खाणावळीत सुधीर दिसला की ताटात बघून जेवत असे. एकदा तो समोर आला आणि काहीतरी बोलण्यासाठी घुटमळला. नंतर दिनकरला त्याचं कारण कळलं.

गुड फ्रायडेला विद्यापीठातल्या रसायनशास्त्र संस्थेच्या पहारेकऱ्याच्या खोलीतल्या रेडिओवर नाटक लागलं होतं. दिनकर एका उकळत्या द्रावणावर लक्ष ठेवायला आला होता. खोलीवरून जाताना साखळीचा आवाज ऐकून तो थबकला. योशुआ मरत होता. आणि त्या मरणाऱ्या गुलामाच्या तोंडून सुधीर लिमयेचा आवाज निघत होता, मुंजीत पाठ करून घेतलेलं संस्कृत स्तोत्र, प्रत्येक जोडाक्षर स्पष्ट, गोड चालीत. पहारेकऱ्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. त्याने दिनकरला बोटाने गप्प उभं राहायची खूण केली. दिनकर शेवटपर्यंत उभा राहिला. भैरोबाच्या देवळात हेच शब्द घुमत असताना आबा बाहेर त्या दगडापाशी उभे असत, आणि त्यांना त्यातला एकही कळत नसे. आता ते योशुआच्या तोंडी घातले गेले होते. दिनकरला हसू आलं, आणि तो प्रयोगशाळेकडे निघाला.

आबांवर इतकी वर्षं आपण चिडत आलो, हे त्याला त्या संध्याकाळी द्रावणाखालची ज्योत कमी करताना जाणवलं. पाटलावर चिडायचं ते त्यांच्यावर चिडलो. म्हशीला हात लावणार नाही, हे ते चावडीसमोर ताठ उभे राहून म्हणाले होते. पाटलाने ते गावाला विसरायला लावलं, आणि दाराशी उभ्या पोराच्याही लक्षात शेवटी प्रार्थनाच तेवढी राहिली.

एप्रिलात कोलोनच्याच एहरेनफेल्ड भागात खोली मिळाली. घरमालक हेर योरिसन ट्रॅम चालवून निवृत्त झालेला, विधुर, तुसडा माणूस होता. तुम्ही कुठले, कोणत्या जातीचे, घरात काय शिजवता, हे त्याने एका दमात विचारलं, कारण हिंदुस्थानात जाती असतात हे त्याने वर्तमानपत्रात वाचलं होतं. दिनकरने तिन्ही गोष्टी सांगितल्या, काही न वगळता. मालक ऐकून, आल्झो, म्हणजे बरं तर, म्हणाला आणि मसाल्याच्या वासाबद्दल तेवढी ताकीद दिली. मग त्याने खालच्या दाराच्या घंटीसाठी पाटी करून आणायला सांगितलं आणि एका कागदावर दिनकरकडून नाव लिहून घेतलं.

"तीन शब्द?" योरिसन म्हणाला. "इथे सगळे आडनाव लिहितात. मावणार नाही. हे मधलं कोणाचं?"

"वडलांचं."

"ते राहणार आहेत इथे?"

"नाही."

"मग?"

"तरी लिहायचं आहे."

योरिसनने खांदे उडवले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने अक्षरं बारीक कोरून पितळेच्या पट्टीवर नाव बसवलं: दिनकर रावजी टाकळीकर. दिनकरने ती स्वतः स्क्रूने दारावर लावली, बाहीने पुसली. मग त्याने बटण दाबलं आणि मान वर करून ऐकलं. वरच्या मजल्यावर, अजून सामान न लावलेल्या खोलीत घंटी वाजली.